एका घरात दोन चुली

'एका घरात दोन चुली' हे शब्द आपल्याकडे आवाज खाली आणून उच्चारले जातात. भावाभावांत वाटणी झाली, मधल्या खोलीत भिंत उभी राहिली, म्हातारीला सहा महिने इकडे नि सहा महिने तिकडे काढावे लागतात, असा सगळा इतिहास त्या चार शब्दांत येतो. त्यामुळे दोन चुली मांडूनही एखादे घर सुखाने नांदते, किंबहुना दोन चुलींमुळेच ते मोडायचे वाचते, असे कोणी सांगितले तर चटकन पटणार नाही. पण असे एक घर मी रोज पाहतो. ते पंधरा इंच रुंद आहे, त्याला झाकण आहे आणि ते आमच्या जेवणाच्या टेबलावर एका कडेला पडलेले असते. लॅपटॉप म्हणतात त्याला.

या लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्स, म्हणजे मराठीत सांगायचे तर दोन कार्यप्रणाली, गुण्यागोविंदाने राहत आहेत. एकीचे नाव विंडोज, दुसरीचे लिनक्स. लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावे उमटतात आणि यंत्र काही सेकंद विचारत थांबते, की आज कोणाकडे जेवणार? ज्याच्या नावावर बोट ठेवावे तो मालक बनून कामाला लागतो. दुसरा त्या वेळी गाढ झोपलेला असतो.

या वाटणीला निमित्त झाले एका तारखेचे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली जगभरातल्या कोट्यवधी संगणकांवर चालू होती. त्या दिवशी रात्री बाराला ती बंद पडली असे मात्र नव्हे. घर तसेच राहिले, दिवे तसेच लागत राहिले, फक्त फाटकावरचा राखणदार निवृत्त झाला. नवनव्या चोरवाटा सापडत राहणार आणि त्या बुजवायला कोणी येणार नाही, असा त्याचा अर्थ. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, पण मुदत म्हणजे मुदतच. पुढची विंडोज ११ ही २०२१ साली आली, ती टी.पी.एम. नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक नव्या जातीचा प्रोसेसर मागते. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रे त्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारे!

आमचे यंत्र २०१६ सालचे. घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे. मी निवृत्त शिक्षक. मराठी लेखन, पत्रव्यवहार आणि जुनी कागदपत्रे हा माझा पसारा. सूनबाई घरी बसून अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब पाहते. आणि पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याला प्रोग्रॅम लिहायचे असतात. लॅपटॉप घेऊन आम्ही दुकानात गेलो, तर दुकानदाराने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात आता काय राहिलं नाही बघा. नवा घेऊन टाका." नवा म्हणजे तीस-पस्तीस हजार रुपये. पेन्शनीत हा आकडा सहज बसत नाही, आणि ज्या घरात विड्या वळून किंवा मागावर उभे राहून मुले शिकतात तिथे तर तो आकडा म्हणजे एखाद्या मुलाचे शिक्षण थांबायचे कारण होऊ शकते. पुतण्या घरी आल्यावर म्हणाला, "काका, यंत्र चांगलं आहे हो. मोडीत कशाला काढायचं? वाटणी करू."

वाटणी हा शब्द त्याने गमतीने वापरला असेल, पण या शास्त्रातही शब्द तोच आहे. हार्ड डिस्कच्या तुकड्यांना पार्टिशन असेच म्हणतात.

मागावरची पुठ्ठ्यांची माळ

कार्यप्रणाली म्हणजे नेमके काय? लॅपटॉपमधला प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक ही झाली नुसती वास्तू आणि भांडीकुंडी. कळ दाबली की ते अक्षर कोणत्या कामाकडे पाठवायचे, एकाच वेळी चाललेल्या दहा कामांपैकी कोणाला किती स्मृती द्यायची, डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची, हे सगळे ठरवणारा घरातला कर्ता म्हणजे कार्यप्रणाली. आपण जी सॉफ्टवेअरे वापरतो ती यंत्राशी थेट बोलत नाहीत, या कर्त्यामार्फत बोलतात. म्हणूनच एका कर्त्याच्या हाताखाली शिकलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या घरी सहसा चालत नाही. त्याला त्याची बोलीच कळत नाही.

यंत्र एक आणि त्याला चालवणारा हुकूम वेगळा, ही कल्पना सोलापूरकराला तरी नवी वाटू नये. आपली चादर ज्या मागावर विणली जाते त्याच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेले असते, आणि जुन्या पद्धतीच्या मागांवर तिथे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यात जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिथला उभा धागा वर उचलला जातो; जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो. मोर हवा असेल तर मोराची माळ चढवा, फुलांची नक्षी हवी असेल तर फुलांची. माग तोच, कारागीर तोच, सूतही तेच. माळ बदलली की चादर बदलते.

फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जाकारने ही रचना १८०४ च्या सुमारास प्रचारात आणली. त्याचे रेशमात विणलेले एक चित्र १८३९ साली तयार झाले, त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेजने मिळवली आणि तो ती आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवत असे. गणिते करणाऱ्या आपल्या नियोजित यंत्राला हुकूम देण्यासाठी बॅबेजने याच भोकांच्या पुठ्ठ्यांची योजना केली. पुढे १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने तशीच कार्डे मोजणीसाठी वापरली, आणि विसाव्या शतकात कित्येक दशके संगणकाला कामे सांगितली गेली ती कार्डांवर भोके पाडूनच. तेव्हा संगणकाचे मूळ शोधत गेले तर वाटेत मागाची खटखट ऐकू येतेच. साखर पेठेतल्या किंवा अशोक चौकातल्या विणकराला कोणी सांगितले नसेल, पण तो पिढ्यान् पिढ्या एकाच यंत्रावर वेगवेगळे हुकूम चढवतो आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायची. माळ बदलायची तर माग थांबवावा लागतो. एका मागावर एकाच वेळी दोन नक्ष्या निघत नाहीत. आमच्या लॅपटॉपचेही तसेच. विंडोजमधून लिनक्समध्ये जायचे तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. याला डुअल बूट म्हणतात.

वाटणी आणि सातबारा

लिनक्सचा जन्मच मुळी वाटणी झालेल्या एका संगणकात झाला. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने घेतलेल्या नव्या संगणकात डॉस ही त्या काळची प्रचलित प्रणाली होती आणि शेजारच्या कप्प्यात त्याने मिनिक्स ही शिकण्यासाठी बनवलेली प्रणाली बसवली होती. रात्रीच्या वेळी तो आपली स्वतःची प्रणाली लिहीत असे. एकदा फोनची लाइन जोडण्याचा हुकूम मोडेमऐवजी डिस्ककडे गेला आणि मिनिक्सचा कप्पा पुसला गेला. ते पुन्हा बसवत बसण्यापेक्षा त्याने आपली अर्धवट प्रणालीच पुरी करायचे ठरवले. पुढे ती त्याने सगळ्यांना खुली केली. कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, वाटावी. आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांवर लिनक्स चालते, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. 'आम्हाला नाही बुवा ते लिनक्स-बिनक्स जमत' असे म्हणणारे आजोबा रोज सकाळी नातवंडांना शुभेच्छांचे चित्र त्याच्याच कृपेने पाठवत असतात.

टोरवाल्ड्सचा तो किस्सा सांगण्याचे कारण असे, की वाटणी करताना पहिला धडा त्यातच आहे. आधी सगळे कागदपत्र दुसरीकडे सुरक्षित ठेवायचे, मग भिंतीला हात लावायचा. पुतण्याने पहिला शनिवार नुसता नकला काढण्यात घालवला. फोटो, हिशेब, माझे लेखन, सगळे एका वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क दुसऱ्या एका संगणकावर उघडून पाहिल्यावरच त्याने पुढचे पाऊल टाकले.

डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कोणता कप्पा कुठून कुठपर्यंत आणि कोणाचा, याची त्यात नोंद असते. हा झाला डिस्कचा सातबारा. जुन्या पद्धतीच्या सातबाऱ्यावर फक्त चार मुख्य खातेदार बसत. नव्या पद्धतीत १२८ पर्यंत बसतात. विंडोजच्या ताब्यात आमची सगळी ५०० जीबी जमीन होती. विंडोजमध्येच असलेल्या साधनाने त्याचा कप्पा आक्रसून १०० जीबी मोकळे केले, लिनक्सला एवढे पुष्कळ झाले. आणखी ५० जीबीचा एक कप्पा सामाईक ठेवला, देवघरासारखा. दोघांनीही यावे, ठेवावे, घ्यावे. त्याची गरज अशी, की लिनक्सला विंडोजच्या खोलीतले सामान वाचता येते, पण विंडोजला लिनक्सच्या खोलीतले आपण होऊन दिसत नाही. भावाभावांत असेही असतेच.

आणखी तीन गोष्टी ज्याला हे करायचे आहे त्याने आधी पाहाव्यात. पहिली म्हणजे, अनेक लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप असते. त्याची ४८ आकडी किल्ली आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी. भिंत हलवली की यंत्र ती मागू शकते आणि किल्ली नसेल तर आतले सामान आतच राहते. दुसरी म्हणजे, विंडोज 'बंद' केले तरी पुरते बंद होत नाही. पुन्हा लवकर सुरू व्हावे म्हणून ते अर्ध्या झोपेत असते आणि आपल्या खोलीला आतून कडी लावून ठेवते. ही 'फास्ट स्टार्टअप'ची सोय काढून टाकल्याखेरीज लिनक्सला त्या खोलीत काही ठेवता येत नाही. तिसरी म्हणजे क्रम. आधी विंडोज, मग लिनक्स. लिनक्स नंतर आले तर ते दारात ग्रब नावाचा एक दरवान उभा करते, तो दोघांचीही नावे पाहुण्याला सांगतो. विंडोज नंतर आले तर ते बहुधा आपलेच नाव तेवढे दारावर लावते.

आणि सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे, वाटणी न करताही लिनक्स चाखून पाहता येते. पेन ड्राइव्हवर ते उतरवून त्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा. डिस्कला हात लागत नाही. वायफाय चालते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखते का, हे सगळे तासाभरात कळते. मुलगी द्यायच्या आधी घर पाहून यावे, तसे.

साडेपाच तासांचे भांडण

वाटणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बाबा, हे घड्याळ पहाटेचे साडेपाच दाखवतंय." पुतण्या रात्री लिनक्समध्ये काम करून झोपला होता. घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे!

साडेपाच हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. ग्रिनिचच्या वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे आहोत. लॅपटॉपच्या आत एक छोटे घड्याळ बॅटरीवर अखंड चालू असते. लिनक्सचा रिवाज असा, की त्या घड्याळात जागतिक वेळ ठेवायची आणि दाखवताना आपल्या गावाचे साडेपाच तास मिळवायचे. विंडोजचा रिवाज असा, की त्या घड्याळात थेट आपल्या गावाचीच वेळ ठेवायची. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. पण घड्याळ एक आणि रिवाज दोन. लिनक्सने जागतिक वेळ लावून ठेवली, विंडोजने ती सोलापूरची समजून दाखवली. इंटरनेट जोडले की दोघेही यथावकाश वेळ दुरुस्त करून घेतात, पण तोपर्यंत हिशेबाच्या नोंदीवर भलतीच वेळ पडू शकते. मध्यरात्रीनंतर काम करणाऱ्याची तर तारीखच एक दिवस मागे जाईल, आणि ३१ मार्चच्या आसपास हे कोणाला परवडणार?

उपाय एका ओळीचा निघाला. लिनक्सला सांगितले, की बाबा रे, या घरात घड्याळ गावच्या वेळेचे असते. त्याने ऐकले. मला मात्र यावरून मुंबईची आठवण झाली. भारताची प्रमाण वेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबईने आपला ३९ मिनिटे मागे असलेला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत जपला. रेल्वेची वेळ निराळी आणि शहराची निराळी. एका भिंतीवर दोन घड्याळे लावून माणसे पन्नास वर्षे सुखाने जगली, ती फक्त एवढे लक्षात ठेवून, की कोणते घड्याळ कोणाचे.

मराठीचे काय?

माझ्यासाठी खरा प्रश्न हाच होता. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी तिच्या तोंडून उतरवून घेतल्या होत्या. तिचे माहेर अक्कलकोटकडचे, त्यामुळे ओवीत मधूनच एखादा कानडी शब्द सहज येऊन बसे. १९९९ साली मी त्या एका डी.टी.पी. केंद्रात टंकित करून घेतल्या. आई गेली, वही वाळवीने खाल्ली, उरली ती फाइल. आणि ती फाइल दुसऱ्या कोणत्याही संगणकावर उघडली तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि प्रश्नचिन्हे यांचा कचरा दिसे.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. १९९० च्या दशकात मराठीची स्मरणिका, लग्नपत्रिका, पुस्तक, वृत्तपत्र, सगळे संगणकावर आले ते अशाच फॉन्टांतून. त्या वेळी प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या मनाने बसवली होती. एकाच्या 'क'ची जागा दुसऱ्याच्या 'म'ची. त्या कंपनीचा फॉन्ट असेल तरच मजकूर वाचायचा. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ पासूनच प्रत्येक अक्षराची कायमची जागा मिळाली होती, पण ती सोय सर्वसामान्यांच्या संगणकापर्यंत विंडोज २००० नंतरच हळूहळू पोचली. तोवर मराठीतला केवढा तरी मजकूर जुन्या संकेतात कुलूपबंद झाला होता. किती संस्थांच्या कपाटांतल्या सीडींमध्ये तो अजून तसाच असेल!

माझ्या लॅपटॉपमधली विंडोजची चूल विझवली असती तर ती ओव्यांची फाइल उघडणारे जुने सॉफ्टवेअरही गेले असते. म्हणूनच मी पुतण्याला सांगितले, की नवी चूल मांड, पण जुनी मोडू नकोस. तिथे मी फाइल उघडतो, मजकूर युनिकोडमध्ये बदलून सामाईक कप्प्यात ठेवतो आणि लिनक्सच्या बाजूला जाऊन एकेक ओवी तपासतो. बदलणारी साधने आहेत, पण ती डोळे झाकून विश्वासावी अशी नाहीत. पहिली वेलांटी हे त्याचे उत्तम उदाहरण. जुन्या फॉन्टांत ती जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये जशी उच्चारतो तशी अक्षरानंतर. रफार नि जोडाक्षरांचेही असेच. त्यामुळे यंत्राने केलेल्या मजकुरात वेलांट्या शेजारच्या घरी जाऊन बसलेल्या सापडतात आणि आईचा आवाज ज्याच्या कानात आहे त्यालाच त्या परत आणता येतात.

नव्याने लिहायला मात्र दोन्ही घरांत मराठी सारखीच नांदते. भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या प्रमाणात घेतलेला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. एकदा बोटांना सवय झाली की घर बदलल्याचे बोटांना कळतही नाही. विंडोजमध्ये ज्या 'मंगल' फॉन्टात आपण वर्षानुवर्षे अर्ज-निवेदने वाचली, तो र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराच्या हातचा. लिनक्समध्ये गेली कित्येक वर्षे आढळणारा 'लोहित' फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने रेड हॅट कंपनीसाठी घडवला आणि तो सगळ्यांना खुला झाला. दोन्हीकडचे वळण आपल्याच माणसांचे.

पाहुणा ठेवावा की बिऱ्हाडकरू?

दोन चुलींची ही एकच तऱ्हा नाही. दुसरी तऱ्हा पाहुण्याची. चालू असलेल्या विंडोजमध्येच एका चौकटीत दुसरा आख्खा संगणक भासमान रूपात उभा करायचा आणि त्यात लिनक्स चालवायचे. किंवा उलट. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांवर ही युक्ती १९६० च्या दशकातच केली होती. घरगुती संगणकावर ती १९९९ नंतर आली आणि आता व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट मिळते. यात भिंत पाडावी लागत नाही, यंत्र बंद-चालू करावे लागत नाही, पाहुणा नको झाला तर एक फाइल पुसली की तो गेला. पण पाहुणा यजमानाच्या ताटातच जेवतो. ४ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर दोघेही उपाशी राहतात. ८ जीबीवर जेमतेम भागते. आणि यजमानच राखणदाराविना असेल तर पाहुण्याच्या येण्याने घर सुरक्षित होत नाही. म्हणून आमच्यासारख्या जुन्या यंत्राला वाटणीच बरी.

हा खटाटोप फक्त हौशी मुलांचा आहे असेही नाही. तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांत विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्स होते. उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये वाटलेल्या लॅपटॉपमध्येही विंडोज आणि उबुंटू लिनक्स अशा दोन्ही प्रणाली होत्या. केरळच्या सरकारी शाळांत तर बरीच वर्षे लिनक्सवरच मुले शिकतात. यातले 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेले. आणि शिकायचे कुठे, असे विचाराल तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने लिनक्ससह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठी आवाजात करून ठेवले आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या, गावाकडून शिकायला आलेल्या मुलाला याहून चांगला शिक्षक घरबसल्या मिळणार नाही.

कोणी करावे, कोणी करू नये

वाचकांना या नादाला लावायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्यापाऱ्यांचे नेहमीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले असते. डी.टी.पी. करणाऱ्याचे पेजमेकर नि कोरलड्रॉ तसेच, चादरीची नक्षी काढणाऱ्यांची सॉफ्टवेअरेही बहुधा त्याच घरची. डिजिटल सहीची ती छोटी डांगळी लिनक्सवर कधी चालते, कधी रुसते. काही छपाईयंत्रेही तशीच. ज्याचे सगळे पोट अशा एकाच सॉफ्टवेअरवर आहे आणि ज्याचे यंत्र नवे आहे, त्याने वाटणी करण्याचे काही कारण नाही. एक चूल पुरते त्याने दुसरी मांडू नये.

आमच्याकडे आता कामांची विभागणी आपोआप पडली आहे. हिशेब विंडोजमध्ये होतो, पण त्या बाजूचे इंटरनेट गरजेपुरतेच उघडायचे. जीएसटीच्या विवरणाची फाइल सामाईक कप्प्यात येते आणि सूनबाई ती लिनक्सच्या बाजूने पोर्टलवर चढवून मोबाइलवर आलेल्या ओटीपीने पुरी करते. बँक, ई-मेल, वीजबिल, सगळे लिनक्समधून. कारण तिथला राखणदार जागा आहे. पुतण्याचे प्रोग्रॅम तिथेच. माझे लेखनही. मला सुरुवातीला खिडक्यांची जागा, बटणांची चित्रे निराळी वाटली, पण सोलापूरच्या माणसाला याचे काय मोठे? पूर्व भागातला विणकर घरात तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी कानडी, कचेरीत मराठी आणि दोस्ताशी आणखी चौथीच काहीतरी सरमिसळ. भाषा बदलताना तो डोके बंद करून पुन्हा सुरू करत नाही, एवढाच काय तो लॅपटॉपपेक्षा त्याचा वरचढपणा.

प्रश्न शेवटी एवढाच उरतो, की आपले यंत्र केव्हा म्हातारे झाले हे कोणी ठरवायचे? विकणाऱ्याने, बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने? माग जुना झाला म्हणून कोणी तो त्याच दिवशी भंगारात घालत नाही. आधी सुटा भाग बदलून पाहतो, दुसरी माळ चढवून पाहतो. लॅपटॉपलाही तेवढी संधी द्यायला हरकत नाही. दुकानदाराने 'ह्याच्यात काय राहिलं नाही' म्हटले, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स लावून दाखवता का, एवढे त्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर इंजिनिअरिंगला असलेल्या गल्लीतल्या एखाद्या पोराला हाक मारावी. आणि घरात कुठे जुन्या फॉन्टातली फाइल असेल, आजोबांच्या आठवणींची, मंडळाच्या स्मरणिकेची, कोणाच्या कवितांची, तर ती उघडणारे यंत्र चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये आणून घ्यावी. माझ्या आईच्या ओव्यांपैकी निम्म्या अजून तपासायच्या राहिल्या आहेत.